रणपिसे बाईंचा प्रश्न

समोरचा माणूस बोलू लागला की रणपिसे बाईंची बोटं चालू व्हायची. मांडीवर, कठड्यावर, भाजीच्या पिशवीवर. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्या राहायला आल्या तेव्हा मी सेक्रेटरी होतो. नियम समजावून सांगत होतो आणि बाईंची दहाही बोटं पर्सवर नाचत होती. मी थांबलो.

"बोला ना आपटे, उतरवून घेतेय," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही 'असं बोललोच नव्हतो' म्हणालात तर?"

त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या. नवरा लवकर गेला होता. मुलगा मिलिंद शाळेत होता. बाईंचे वडील मार्केट यार्डात हमाल. त्यांनी घेऊन दिलेल्या जुन्या टाइपरायटरवर बाई शिकल्या आणि त्याच मशीनवर तळमजल्याच्या गाळ्यात क्लास सुरू केला. गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागू लागल्या तसे त्यांनीही दोन कॉम्प्युटर घेतले. "मशीन बदललं तरी बोटं तीच लागतात," असं त्या म्हणायच्या. धांदरट विद्यार्थ्याला सांगायच्या, "वेग चांगला आहे तुमचा. चुकाही वेळेवर पोचतात."

आता माझ्याबद्दल. आमच्या लिफ्टला जाळीचं दार होतं. एका शुक्रवारी लिफ्टच्या मेकॅनिकने मला टाइप केलेलं पत्र दिलं: दाराचा खटका निकामी झाला आहे, दार उघडं असतानाही लिफ्ट सुटते, दुरुस्तीपर्यंत बंद ठेवावी. मी वाचलं, त्यावर पोचल्याची सही केली. रविवारी माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या आईचे गुडघे दुखरे आणि आमचं घर पाचव्या मजल्यावर. मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हटलं, सोमवारी बघू.

सोमवारी सकाळी बाई क्लासला निघाल्या. दार ओढत असतानाच लिफ्ट सुटली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. जिन्यावरून धावत गेलो तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात पदरात गुंडाळलेला. मला म्हणाल्या, "आपटे, आधी लिफ्ट बंद करा. पोरं निघतील शाळेला."

त्याच संध्याकाळी मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं: "लिफ्टमध्ये अचानक बिघाड झाला." खाली सही केली. त्या आठवड्यात मुलीचं लग्न ठरलं.

दोन महिन्यांनी बाई माझ्या घरी आल्या. मिलिंदची वह्या-पुस्तकं, क्लासचं भाडं, सगळं त्या बोटांवर चालत होतं. "वकिलांना भेटले," त्या म्हणाल्या. "बिघाड अचानक झाला असेल तर दावा टिकणं कठीण म्हणतात. पण दोष माहीत असून लिफ्ट चालू ठेवली असेल, तर तो निष्काळजीपणा. मग भरपाई मागता येते. म्हणून विचारते, कुणाला आधी माहीत होतं का हो?"

"नाही," मी म्हणालो. "कुणालाच नाही."

मांडीवर बोटं हलली. आठच.

पुढे क्लास बंद पडला. "मी बोटांनी शिकवते, तोंडाने नाही," म्हणत त्यांनी मशीनं विकली, फक्त वडिलांचं ठेवलं. एका दुकानात हिशेब बघू लागल्या. जिन्यात भेटल्या की माझ्या मुलीची खुशाली विचारायच्या. मग एके दिवशी पुन्हा दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"दाव्याला मुदत असते. उद्या संपतेय," त्या म्हणाल्या. "काही आठवतंय का, आपटे?"

आतून बायकोने विचारलं, "कोण आहे?" मी म्हणालो, "काही नाही."

तेच माझं उत्तर ठरलं. बाई जिना उतरून गेल्या. लिफ्टमध्ये त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत.

गेल्या वर्षी बाई वारल्या. मिलिंद आता हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर आहे. तेरा दिवस मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो आणि चौदाव्या दिवशी त्याच्यासमोर ठेवलं. माझी पोचल्याची सही असलेलं, मूळ पत्र.

त्याने वाचलं. ओरडला नाही. उठून आईच्या कपाटातून एक फाइल आणली आणि माझ्या पत्राशेजारी त्याच पत्राची कार्बन प्रत ठेवली. शब्दन् शब्द तोच. फक्त सही नव्हती.

"मेकॅनिक सगळी पत्रं आईच्याच क्लासमध्ये टाइप करून घ्यायचा," तो म्हणाला. "त्या शुक्रवारी आई परीक्षेच्या कामाला गेली होती, एका विद्यार्थिनीने केलं. आईला प्रत नंतर सापडली. तोवर मेकॅनिक आखातात गेलेला. बिनसहीच्या कागदावर भागणार नाही, वकील म्हणाले. तुम्हाला पत्र मिळालं होतं, हे तुम्हीच सांगायला हवं होतं."

म्हणजे त्या आल्या तेव्हा त्यांना माहीत होतं. दोन्ही वेळा. "मग मला दाखवलं का नाही?"

"मीही हेच विचारायचो. ती म्हणायची, दाखवल्यावर कोणीही खरं बोलेल."

त्याने कार्बन प्रत उलटी केली. मागे टाइपरायटरवर दोन ओळी टाइप केल्या होत्या, दोन वेगवेगळ्या तारखांच्या.

"आपट्यांना विचारलं. म्हणाले, नाही."

"आपट्यांना पुन्हा विचारलं. म्हणाले, काही नाही."