धुऱ्यावर अडलेला पंप

आम्ही तलावाखालचे शेतकरी एकत्र बसलो, की बोलणं कुठूनही सुरू होवो, पंपावर येतंच. एका फवारणीवर एवढे किस्से कसे साठले, ते आमच्या गावालाच ठाऊक. गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला. देशात तेव्हा इंग्रजांचं राज्य आणि गावात सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराचं. त्या साली धानावर तुडतुडे पडले. तलावाखालची सगळी जमीन, मालगुजारांची आणि आमची, एकदमच फवारायला हवी होती. पीक गेलं असतं तर वर्षभर खाणार काय? तरी पंप कोणता घ्यायचा यावर आम्ही भांडलो, आणि बरं केलं.

*

मालगुजारांनी नागपूरहून एजंट बोलावला. तो बैलगाडीवर इंजिनाचा पंप लादून आला. "एका दिवसात अख्खं शिवार!" म्हणाला. पण आमच्या बांध्या म्हणजे धानाचे लहान-लहान तुकडे, आणि प्रत्येकीला मातीचा धुरा, पाणी अडवणारा. गाडी पहिल्याच धुऱ्यावर अडली.

"फोडा धुरे," मालगुजार म्हणाले. धुरे फोडले की बांधीतलं पाणी वाहून जाणार, धान वाळणार. तलावाचं पाणी आळीपाळीनं सोडणारे आमचे पाणकर दशरथमामा सरळ धुऱ्यावर मांडी घालून बसले.

"आधी मले फोडा, मंग धुरा."

एजंटानं चहा मागितला आणि गाडी वळवली.

*

आम्ही पाठीवरचे पितळी पंप आणले. धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांची म्होरकी सीताबाई. तिनं पंप पाठीला लावला तर मालगुजारांचे दिवाणजी हसले. "बायकांच्या हाती मशीन?"

"दिवसभर चिखलात वाकून रोवणा कोन करते? तुमी करून राहिले का?"

दिवाणजींनी ईर्षेनं भरलेला पंप पाठीवर घेतला आणि बांधीत उतरले. उतरले ते चिखलात बसलेच. दोघी बायांनी हात धरून बाहेर काढलं.

*

दवा म्हणजे तंबाखूचा काढा आणि साबण. घरोघरून तंबाखू गोळा झाला. म्हातारे गोविंदबुवा बटवा सोडेनात.

"किड्याइले माझा तंबाखू कायले देऊ?"

त्यांच्या बायकोनं बटवा काढ्यात उलटा केला. बुवा दिवसभर वाऱ्याच्या दिशेला बसून फवारणीचा वास घेत राहिले.

*

मालगुजार चिडले. "माझा पंप नको, तर माझं पाणीही नको." तलावाचं पाणी अडवणारी पाळ आमच्या पणज्यांनी माती वाहून बांधलेली, मला आजही त्या बोलण्याचा संताप येतो. पाणकराला ताकीद मिळाली, मालकाच्या तोंडून हुकूम ऐकल्याशिवाय कोणाच्या घागरीत थेंब पडता कामा नये.

"बरं," दशरथमामा म्हणाले. "तोंडूनच आयकीन." आणि पाळीवर जाऊन बसले.

बांधीतल्या गढूळ पाण्यानं पंपाचं तोंड बुजत होतं. म्हणून बायांनी विहिरींचं पाणी वाहून आमचं धान फवारलं. विहिरींनी तळ गाठला तेव्हा फक्त मालगुजारांचं शेत राहिलं होतं, आणि सगळे तुडतुडे तिथं.

मालगुजार स्वतः छत्री घेऊन आले. "आमच्याही बांध्यांत दवा मारून टाका."

सीताबाईनं पंप खाली ठेवला. "पंप हाय, दवा हाय. पाणी नाई."

"तलावातून घ्या."

"कोनाचा तलाव?"

मालगुजारांनी आपल्या धानाकडं पाहिलं. मान खाली घालून पुटपुटले, "गावाचा."

"मोठ्यानं म्हणा, मालक," सीताबाई म्हणाली. "दशरथमामा तिकडं पाळीवर बसून हाय. त्याले आयकू गेलं पायजे."