बाबांसकट गेलेली गाडी

चष्म्याच्या दुकानात पुढे मालक गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवत, आणि मागे काचेच्या आडोशाला बसून ती भिंगं घासून फ्रेममध्ये बसवत असे. या कामात हात जरा हलला की भिंग तडकतं. तिचा हात हलत नसे. गल्लीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत आणि भीती तिच्या गावीच नाही असंही म्हणत. एकदा जिन्यात वटवाघूळ शिरलं तेव्हा अख्खी इमारत दारं लावून बसली होती. हिने ते टॉवेलात अलगद धरलं, गच्चीवर नेऊन सोडलं आणि हात धुऊन कामावर गेली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांच्याकडे आत राहता-झोपता येईल अशी एक कॅम्पर व्हॅन होती, मूळची भंगारात निघालेली रुग्णवाहिका. नवऱ्याने ती घेतली आणि कितीतरी रविवार घालवून आतून नवी केली. प्लायवूडचे दोन पलंग, घडी होणारं टेबल, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, छताला पंखा. पडदे हिने शिवले. ड्रायव्हरची सीट आणि मागची खोली यांच्यामध्येही एक जाड पडदा होता. सुट्टीत दोघं त्यातून भटकून येत. बाकीचे दिवस गाडी घरासमोर झाडाखाली उभी असे.

तिचे बाबा तिच्याकडे राहायला आले आणि गाडीला खरा मालक मिळाला. बाबांनी जन्मभर बस चालवली होती. घरात त्यांना झोप येत नसे. जेवण झालं की ते खाली जात, गाडीचं बाजूचं दार वाऱ्यासाठी जरा उघडं ठेवत, कानातलं यंत्र काढून ठेवत आणि तासभर घोरत. चालवण्याचा मात्र प्रश्नच नव्हता. त्यांना काचबिंदू होता. नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसे. कपाशेजारी चहा ओतताना हिने त्यांना पाहिलं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं आणि लायसन्सही हिनेच परत करायला लावलं होतं. त्यानंतर काही दिवस बाबा तिच्याशी फक्त हो-नाही एवढंच बोलत होते.

त्या दिवशी उकाडा फार होता. सकाळी कामावर निघताना बाबा म्हणाले, "पंख्यापुरती किल्ली दे की गं. चालवत नाही तुझी गाडी."

तिने हसून किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला.

दुपारी ती जेवायला घरी आली तेव्हा गाडी झाडाखाली होती, मागचे पडदे ओढलेले होते. बाबा झोपलेत म्हणून ती आवाज न करता वर गेली. जेवली, भांडी विसळली, आणि जाण्याआधी बाबांना हाक मारावी म्हणून खिडकीशी आली. खाली झाड होतं, सावली होती, सावलीत तेलाचा डाग होता. गाडी नव्हती.

तिला आधी आला तो राग. शेवटी चालवलीच बाबांनी! मग त्या नळीएवढ्या नजरेने बाबा चौकातून जाताहेत असं डोळ्यांसमोर आलं, शाळा सुटायची वेळ आठवली. चपला न घालता ती खाली धावली.

समोरच्या लाँड्रीतली बाई इस्त्री हातात धरूनच बाहेर आली. "काय झालं गं?"

"बाबांना गाडी नेताना पाहिलंत?"

"बाबा कुठले? तो लाल टोपीवाला पोरगा घेऊन गेला की. मला वाटलं तुमचा मेकॅनिक. पुढच्या काचेतून एकदा आत डोकावला, मग बसला आणि गेला."

"आणि बाबा?"

लाँड्रीवालीने वळून रस्त्याकडे पाहिलं. इस्त्री हातात तशीच वाफ सोडत राहिली.

तिला नंतर त्या दुपारबद्दल कुणी विचारलं की ती एवढंच सांगे, की पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. बाबांना फोन लावला तर तो वर घरातच वाजला. पोलीस ठाण्यात तिला गाडीचा रंग आठवेना. नवरा लिफ्टच्या खड्ड्यातून तसाच आला, कोपरापर्यंत ग्रीस माखलेलं. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी शांतपणे विचारलं, "किल्ली त्याच्याकडे कशी आली?"

"मी दिली," ती म्हणाली. मग घाबरून, "त्याला नाही, बाबांना. पंख्यासाठी पुढे लावून ठेवायला."

"जुडग्यात अजून कसल्या किल्ल्या होत्या?"

"घराच्या," नवरा म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दिवस मावळायच्या बेताला फोन आला. हमरस्त्यावरचा एक पंक्चरवाला बोलत होता. "एक आजोबा आलेत इथे. अनवाणी आहेत. ऐकू येत नाही त्यांना, पण तुमचा नंबर तोंडपाठ आहे."

ते पोचले तेव्हा बाबा टायरांच्या चळतीवर बसून चहा पीत होते. अंगात कुणाची तरी ढगळ पँट होती. तिला पाहून ते मोठ्याने म्हणाले, "आलीस? बघ, तुझ्या नवऱ्यापेक्षा बरी गाडी चालवतो तो चोर!"

तिने त्यांना घट्ट धरलं आणि मग पंक्चरवाल्यासमोरच हुंदके देऊन रडली. नवरा पाठ फिरवून टायर बघत बसला.

घरी आल्यावर बाबांनी हकीकत सांगितली ती अगदी मजेत. गाडी हलल्यावर जाग आली, वाटलं जावईबापू फिरायला नेताहेत, म्हणून पडून राहिलो. मग पडदा सारला तर पुढे भलताच माणूस. तो एवढा दचकला की गाडी खड्ड्यात जायची. मग थोड्या गप्पा झाल्या आणि त्याने उतरवून दिलं. "चांगला होता पोरगा," बाबा म्हणाले.

"गप्पा कसल्या?" तिने कानाशी ओरडून विचारलं.

"हेच. कुठे राहता, घरी कोण कोण असतं."

"आणि तुम्ही सांगितलंत?"

"विचारलं, सांगितलं."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने कुलूप बदललं, वर आणखी एक कडी बसवली. तिचं समाधान झालं नाही. ती कडी लावी, झोपायला जाई, उठून पुन्हा बघून येई. खाली एखादी गाडी थांबली आणि इंजिन चालूच राहिलं, की हातातलं काम हातात राही आणि कान तिकडे. रस्त्यात लाल टोपी दिसली की ती शेजारच्या दुकानात शिरे. एकदा तर खिळे-स्क्रूच्या दुकानात शिरली आणि काहीतरी मागायचं म्हणून बिजागऱ्या घेऊन आली. दुकानात तिच्या हातून भिंगं तडकू लागली. मालक भला माणूस, म्हणाला, "दोन दिवस घरी थांब." पण घरीच तर तिला भीती वाटत होती. त्या माणसाला ते घर माहीत होतं. दुपारी तिथे एक बहिरा म्हातारा एकटा असतो, हेही माहीत होतं.

बाबांना तिने खाली जायची बंदी केली. त्यांनी हुज्जत घातली नाही. एरवी चहात साखर कमी पडली तरी वाद घालणारा माणूस; तो खिडकीपासून लांबची खुर्ची धरून बसू लागला. याचं नवल तिला तेव्हा वाटलं नाही. आपल्याच भीतीने तिला डोकं वर काढू दिलं नव्हतं.

नवरा सुरुवातीला थट्टा करायचा. "अगं, आपल्याकडे चोरायला राहिलंय काय? दुसरी कडी?" एका संध्याकाळी मात्र तो जेवता जेवता थांबला. "आज खड्ड्यात उतरलो आणि वाटलं, वरून कुणी दार लावून घेतलं तर? हे काम करत केस पिकले माझे. असं कधी वाटलं नव्हतं." तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. थट्टा त्या दिवसापासून बंद झाली.

आणि मग एके दिवशी ती बाजारातून परत आली तर दाराच्या मुठीला कापडी पिशवी अडकवलेली. तिला वाटलं लाँड्रीवालीने कपडे पाठवले. उघडून पाहिलं. आत बाबांच्या चपला होत्या. कानातल्या यंत्राची डबी होती, डबीत यंत्र होतं. तळाशी जुन्या कुलपाच्या किल्ल्या होत्या. चपला पुसून ठेवल्या होत्या.

ती जिन्यातच बसली. गाडी गेली तेव्हासुद्धा तिला इतकी धडकी भरली नव्हती. तो इथे आला होता. या पायऱ्या चढला होता. दारापलीकडे बाबा होते, आणि त्याने कुलपाला किल्ली लावून पाहिली की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

अधिकारी बाई आल्या, पिशवी बघून म्हणाल्या, "सगळ्या वस्तू हाताळल्यात ना? मग बोटांचे ठसे विसरा." जाताना दाराशी थांबल्या. "वाईट करायचं असतं तर तो पिशवी ठेवून गेला नसता. हे मी आपलं घरच्यासारखं सांगते. कडी लावत जा."

बाबांनी यंत्र कानात घातलं. पण चपला बघितल्या आणि तोंड फिरवलं. "टाकून दे त्या," म्हणाले.

"अहो बाबा, चांगल्या आहेत."

"टाकून दे म्हटलं ना!"

पुढे गाडी सापडली. शहराबाहेर एका बंद पडलेल्या खाणीत चोराने ती सोडली होती. ओळख पटवायला पोलिसांच्या आवारात जायचं होतं. बाबा म्हणाले मीही येतो. नको म्हटलं तरी आधी तेच तयार होऊन बसले.

आवारात गंजक्या गाड्यांच्या रांगेत त्यांची गाडी विटांवर टेकवून ठेवलेली होती. चाकं नव्हती, शेगडी नव्हती, पंखा उपटून नेला होता. पलंगाची फळी मधोमध मोडलेली. तिने शिवलेल्या पडद्यांपैकी एक कशाला तरी पुसायला वापरून काळा झाला होता. आत चढायला तिचा पाय उचलेना. आतून एक वास येत होता, परक्या माणसाचा.

"मी जातो," बाबा म्हणाले, आणि दांडा धरून चढले. मोडक्या पलंगाच्या कडेला बसले. तिने आत डोकावून पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"बाबा?"

"गप्पाबिप्पा काही नव्हत्या गं," ते म्हणाले. "स्क्रू-ड्रायव्हर होता त्याच्या हातात. इथे लावला होता." त्यांनी हनुवटीखाली बोट ठेवलं. "पत्ता सांग, घरी कोण आहे सांग. मला धड ऐकू येईना. मला ऐकू येत नाही हे त्याला कळेना. तो ओरडायचा आणि टोचायचा. सांगून टाकलं मी सगळं. शेवटी मी... इथे गादीवर भिजवलं मी. लहान पोरासारखं. ते बघून तो रडायला लागला. मला म्हणाला उतरा, उतरा आजोबा. चपला घालायला पण थांबलो नाही."

त्या ढगळ पँटचा अर्थ तिला आता लागला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"मी घाबरलेलीच होते!"

"ते दिसत होतं मला," बाबा म्हणाले. "त्यात आणखी माझी भीती कशाला घालायची?"

ती आत चढली आणि त्यांच्या शेजारी बसली. फळी करकरली. बाबांचे हात तिने मांड्यांखालून काढून घेतले आणि आपल्या हातात धरून ठेवले. नवरा बाहेर कागदांवर सह्या करत होता. त्याने एकदा वळून पाहिलं आणि मग उगाचच हवालदाराला गाडीच्या नंबराबद्दल काहीतरी विचारत राहिला, सावकाश, लांबण लावून.

गाडी दुरुस्त होण्यासारखी नव्हती, भंगारात दिली. लाल टोपीवाला सापडला नाही. पिशवी त्याने का आणून दिली, याचं उत्तर मिळालं नाही. बाबांचं म्हणणं, त्यालाही झोप लागत नसणार. तिला ते पटत नाही. पटावं असं वाटतं, एवढंच.

बाबांनी खरं सांगितल्यापासून ती रोज संध्याकाळी त्यांना घेऊन खाली उतरू लागली. पहिल्या दिवशी लाँड्रीपर्यंत गेले आणि परत आले. मागून मोटारसायकल आली की बाबा तिच्या दंडाला धरत आणि ती त्यांच्या हाताला. कोण कुणाला धरतंय हे बघणाऱ्याला कळू नये. मग कोपऱ्यापर्यंत, मग चौकापर्यंत. लाँड्रीवाली हटकून विचारी, "आज कुठवर?" बाबा सांगत, "भीती वाटेपर्यंत." लाँड्रीवाली हसे. तिला वाटे म्हातारा विनोद करतोय.

दुकानात हात हळूहळू थाऱ्यावर आला. अजून एखादं भिंग तडकतं. मालक बघितलं न बघितल्यासारखं करतो.

परवा दुपारी जेवायला घरी आली असताना खाली इंजिनाचा आवाज येऊन थांबला आणि बंद होईना. तिचा घास तोंडातच राहिला. बाबांनीही कानातल्या यंत्रावर बोट ठेवलं. दोघं एकदम उठले. ती खिडकीकडे गेली. बाबा दाराची कडी बघायला गेले. खाली कुणाचं तरी कपाट उतरवत होते. दोन हमाल आणि एक ड्रायव्हर, कपाट जिन्यात मावतं की नाही यावर भांडत होते.

"कोण आहे?" बाबांनी दारातून विचारलं.

"कपाटवाले."

"नक्की?"

"नक्की, बाबा. या, तुम्ही बघा."

ते आले, तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि डोकं इकडेतिकडे वळवत तुकड्या-तुकड्याने सगळी गल्ली पाहून घेतली. कपाट अडकलं होतं, तिरकं. बाबांना राहवलं नाही. खिडकीतून वाकून त्यांनी बस चालवतानाचा आवाज काढला, "अरे, आधी मागे घ्या! मागे! आता डावीकडे!"

हमालांनी दचकून वर पाहिलं. तिने बाबांचा सदरा मागून मुठीत धरून ठेवला होता, ते फार वाकू नयेत म्हणून. कपाट आत जाईपर्यंत तिने तो सोडला नाही.