फलकातून कापलेला बिल्ला

तुमच्या कॉलेजात मंगळवारी दहाला कुठल्या वर्गात बसायचं हे कोण ठरवायचं, कधी विचारलंत? नाही ना. मीही नव्हतं विचारलं. बावीस वर्षं मी कार्यालयांच्या दारात उभी राहून "जबाबदार कोण" म्हणून घसा फोडला, आणि आमच्या कॉलेजातला जबाबदार माणूस तेवढी वर्षं मागच्या खोलीत स्टुलावर उभा राहून हूक मोजत होता.

त्याच्यापर्यंत मला नेलं माझ्या भाचीनं. माझा भाऊ लेथवर काम करतो, ही त्याची धाकटी. अंगानं एवढीशी आणि कायम कामात, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणतात. बारावी झाली आणि तिनं जाहीर केलं की तिला विमा कंपनीत जायचंय. पॉलिसी विकायला नाही. लाखभर माणसांतली किती माणसं किती वर्षं जगतील, हे काढणाऱ्या टेबलावर. मी म्हटलं, म्हणजे ज्योतिषच की.

"नाही आत्या. ज्योतिषी एकाचं सांगतो आणि चुकतो. हे लाखाचं सांगतात आणि थोडकं चुकतात."

पोरगी आमच्याच घरची, जीभ कुठे जाईल.

तिनं पहिल्या सेमिस्टरच्या फॉर्मवर कॅल्क्युलस आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही लिहिलं, आणि खिडकीनं फॉर्म परत फेकला. दोन्ही मंगळवारी दहाला. एक खोडा, कॅल्क्युलसच्या जागी व्यवहार गणित लिहा, सोपं असतं, असा सल्लाही वर. पण माहितीपुस्तिका मुंगीनं तीनदा वाचली होती. कॅल्क्युलस नसेल तर दुसऱ्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स बंद. प्रोग्रॅमिंग नसेल तर तिसऱ्याला पुढचं दार बंद. एक खोडलं की पोरगी वर्षभर मागे. फॉर्मची मुदत शनिवारी चारला आणि ही गोष्ट गुरुवारची.

माझं डोकं तापायला एवढं पुष्कळ होतं. माळ्यावरून मी माझा जुना फलक काढला. जाड पत्र्याचा, त्यावर लाल रंगात "उत्तर द्या". मुंगी म्हणाली, आत्या, फॉर्म भरायचाय, मोर्चा नाही. मी ऐकलं नाही. खिडकीवरच्या बाईंनी फलकाकडे पाहिलं आणि शांतपणे मागच्या खोलीकडे बोट केलं. वेळापत्रकाचं ना, बिल्लेकाकांना भेटा.

त्या खोलीची एक अख्खी भिंत म्हणजे प्लायवूडचा फळा. आडवे खोल्यांचे नंबर, उभे तास, सहा वारांचे सहा चौकोन, आणि प्रत्येक घरात एक हूक. हुकांना रंगीत पत्र्याचे बिल्ले. गणिताचे निळे, शास्त्राचे हिरवे, भाषांचे पिवळे. स्टुलावर एक किडकिडीत गृहस्थ, चष्म्याला मागून सुतळी. मी माझं भाषण केलं, तयारी नसताना जेवढं चांगलं होतं तेवढं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली उतरले आणि माझ्या फलकावर नखानं टकटक केलं.

"पत्रा चांगला आहे," ते म्हणाले. "हल्ली असा मिळत नाही."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

बिल्लेकाका नववी पास. तरुणपणी बसडेपोत टपावर सामान चढवायचे. मग या कॉलेजात घंटा वाजवायला लागले. वेळापत्रक तेव्हा एक प्राध्यापक करायचे. एका वर्षी दोन सर एकाच वर्गात दोन फळ्यांवर एकमेकांना पाठ करून शिकवत राहिले, कारण माघार कोणी घेईना. तास संपल्याची घंटा काकांनी वाजवली आणि प्राचार्यांना जाऊन म्हणाले, मला एक फळी द्या. बिल्ले त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांतून कापले. मध्ये कॉलेजनं एकदा वेळापत्रकाचं सॉफ्टवेअरही आणलं होतं. त्यानं खेळाचे तास रसायनशाळेत टाकले, तेव्हापासून ते बंद आहे आणि काका चालू आहेत.

त्यांची सगळी विद्या डेपोतली. टपावर आधी ट्रंका जातात, वळकट्या शेवटी. जे वाकत नाही ते आधी, जे वाकतं ते फटीत. संगणकाची लॅब एकच, म्हणून तिचे बिल्ले सर्वांत आधी. कॅल्क्युलसच्या मॅडम बारानंतर थांबत नाहीत, म्हणून त्या दुसऱ्या. एका खडूवर शिकवता येतं ते सगळं वळकटी.

मला हे पटलं, पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, त्यात काय, हा निळा बिल्ला अकराला लावा. काका बाजूला सरले आणि म्हणाले, लावा की.

मी लावायला गेले तर अकराला तिथं इतिहास. तो काढून बाराला नेला, तर तिथं वाणिज्यचे ऐंशी जण, त्यांना मोठी खोली हवी, आणि मोठ्या खोलीत भौतिक. पाच मिनिटांत माझ्या हातात चार बिल्ले आणि हूक एकही नाही. भौतिकचे सर त्या हिशेबानं एकाच वेळी दोन मजल्यांवर होते. मुंगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. काकांनी चारही बिल्ले जागच्या जागी टांगले.

"तीन प्रश्न असतात ताई. मास्तर मोकळा? खोली मोकळी? पोरं मोकळी? तिसरा कोणी विचारत नाही."

मी स्टुलावर बसले. उभं राहायला तोंड उरलं नव्हतं.

मग त्यांनी मुंगीचा फॉर्म पाहिला. कॅल्क्युलस, प्रोग्रॅमिंग, त्याखाली आणखी तीन विषय, तिन्ही आकड्यांचे. काकांनी भुवया वर केल्या. आकड्यांच्या नोकरीचं स्वप्न घेऊन येणारी पोरं दरवर्षी हेच करतात, ते म्हणाले, आणि आठव्या आठवड्यात विषयबदलाचा अर्ज घेऊन याच दारात उभी राहतात. ट्रंका दोनच घे. जे विषय पुढची दारं उघडतात तेवढे आधी. स्टॅटिस्टिक्स कुठे पळत नाही, दुसऱ्या सेमिस्टरला ये. एक विषय लिहायला लावणारा घे, कारण उद्या आकडा काढशील, पण साहेबाला तो समजावून कोण सांगणार? आणि एक नुसता आवडीचा. मुंगीनं दोन विषय खोडले. लेखन घेतलं, आणि आवडीचा म्हणून चक्क संगीत. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी सुरात गायलेलं नाही. पण आवड म्हणजे आवड.

राहिला मंगळवार. मुंगी फळ्यासमोर बराच वेळ उभी होती. ओठ हलत होते. मग तिनं विचारलं, बुधवारी नऊला याच सात नंबरच्या खोलीत भूगोल आहे ना? भूगोल आणि कॅल्क्युलसची अदलाबदल केली तर? खोली तीच. मॅडम बुधवारी नऊला कुठेच टांगलेल्या नाहीत. भूगोलाचे सरही मंगळवारी दहाला मोकळे.

"आणि पोरं?" काका म्हणाले.

"ती मोजावी लागतील."

काकांनी कपाट उघडलं. आलेले फॉर्म तीनशे बारा. आम्ही तिघांनी गठ्ठे वाटून घेतले. भूगोल आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही घेतलेलं कोणी नाही. बुधवारच्या नवाशी कॅल्क्युलसची टक्कर होणारा एकच, तत्त्वज्ञान घेतलेला. पण मुंगी आणखी एक रकाना पाडून बसली होती, आम्हाला न विचारता. कॅल्क्युलस लिहून खोडलेले आणि शेजारी व्यवहार गणित लिहिलेले फॉर्म. माझ्या मोजणीत सोळा आले. ती म्हणाली, पुन्हा मोज. मी म्हटलं, मला मोजता येतं. तिनं माझ्या गठ्ठ्यातले डिंकानं चिकटलेले दोन फॉर्म सोडवून समोर ठेवले. सतरा.

काका खुर्चीत बसले. ही पोरं दरवर्षी एकेक करून खिडकीवरून परत जायची, ते म्हणाले, म्हणून कधी दिसलीच नाहीत.

मी फलक उचलला आणि उपप्राचार्य बाईंच्या दालनाकडे निघाले. काकांनी मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. तुम्ही थांबा, ते म्हणाले, आज आकड्याला बोलू द्या. आत कागद घेऊन मुंगी गेली आणि तिच्यामागे काका. मी दाराला कान लावून होते, खोटं कशाला बोलू. बाईंचा एकच शब्द ऐकू आला, "सतरा?" आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज. दहा मिनिटांत सही. मला एवढ्याला तीन उपोषणं लागली असती.

पण गोड घोळ पुढेच होता. सतराही जणांना बोलावून विचारलं, सगळे परत यायला तयार. आधीचे एकोणपन्नास, हे सतरा आणि आमची मुंगी. सदुसष्ट. सात नंबरच्या खोलीत बाकं साठांची. म्हणजे कॅल्क्युलसची दुसरी तुकडी. गणिताच्या नव्या सरांचे दोन तास रिकामे होतेच, आणि त्या तत्त्वज्ञानवाल्याचंही त्यात भागलं. फळ्यावर एक हूकही मोकळा होता. बिल्ला मात्र नव्हता, आणि पत्राही नव्हता. रंगाचे डबे आता प्लॅस्टिकचे येतात. काकांनी पुठ्ठा कापायला घेतला, पण हात चालेना.

मग ते माझ्या फलकाकडे बघायला लागले. मुंगीही बघायला लागली. मी म्हटलं, अजिबात नाही. हा फलक तीन मंत्र्यांनी पाहिलाय.

शुक्रवारी सकाळी मीच कात्री धरली. मुंगीनं निळा रंग दिला आणि काकांनी भोक पाडलं. "कॅल्क्युलस ब" आज मंगळवारच्या नवाला टांगलेला आहे. उलटा करून पाहिलात तर मागे लाल रंगात "द्या" दिसेल.

पुढच्या वर्षी आणखी दोन तुकड्या लागतील असं मुंगीचं गणित सांगतं, आणि उरलेला फलक मी देणार नाही. तेव्हा तुमच्या घरी रंगाचा किंवा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा असेल तर भंगारात घालू नका. धुऊन, पुसून आमच्या कॉलेजच्या फाटकावर आणून द्या, आणि बिल्लेकाकांसाठी आहे एवढं सांगा.