जीप विकायला सांगलीला

वडूज-विटा-पलूस-सांगली हा रस्ता आज सहज उरकतो. सत्तरच्या दशकात मी तो लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीपमधून केला, तोही जीप विकू द्यायची नाही असा निश्चय करून. शेजारी सासरे बसले होते आणि ते ती विकायलाच निघाले होते.

जीप माझ्या नवऱ्यानं घेतलेली. पलटणीत परत जाण्याआधी त्यानं मला ती चालवायला आणि थोडीफार खोलायलाही शिकवलं. वडूजपासून आत असलेल्या आमच्या वस्तीवरून अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन नव्हतं. पण त्या दिवसांत ती बॉनेटखालून धूर ओकायची, तेल गाळायची. इंजिन गेलं, असं जो तो म्हणायचा. मामंजींनी सांगलीच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याशी बोलणी केली. तो ती मोडून तिचे भाग विकणार होता.

मायणीपर्यंत नुसता फुफाटा. विट्याला गरम भजी आणि चहा झाला. त्या वाटेला पेट्रोलपंप मोजकेच, म्हणून मागं भरलेला डबा ठेवलेला. तुम्ही हौसेनं जाणार असाल तर हिवाळ्यात जा, गुऱ्हाळं सुरू असतात.

पलूसच्या अलीकडं धुरानं समोरचं दिसेना, तशी एका गुऱ्हाळापाशी गाडी घेतली. इंजिनावरचा तेलाचा लेप चांगला खरवडून काढला. इंजिनाच्या पोटातला धूर ओढून परत जाळायला तिथं एक लहानसा व्हॉल्व असतो. त्याच्या जागी बाभळीची खुंटी ठोकलेली होती. आत कोंडलेला धूर मग तेलासकट फटीफटीतून बाहेर येत होता.

"ही कुणी बसवली?"

"मी," मामंजी म्हणाले. "नळी धूर माघारी इंजिनात नेत हुती. आपलाच धूर आपुन खायाचा व्हय? धूर धुराड्यातनं भाईर जाया पायजे."

"आन् व्हॉल्व?"

"भंगारात दिला."

मला रागही आला आणि हसूही. समोर रस उकळायच्या काहिलीखाली चुलवाण पेटलं होतं. "मामंजी, त्या काहिलीखाली काय जळतंय?"

"उसाची चिपाडं."

"रस उसाचा, जाळ बी उसाचाच. इंजिनाचं बी तसंच हाय."

 मामंजी दोन पेले रस प्यायले.

सांगलीचा व्यापारी जैन, सगळे त्याला अण्णा म्हणत. आवारात मोडक्या जीपा पडलेल्या. मी म्हटलं, "अण्णा, आधी यातला एक व्हॉल्व द्या. धूर थांबला न्हाई तर गाडी तुमची."

"माझ्याच हातानं माझा सौदा मोडू व्हय?"

"द्या अण्णा," मामंजी मध्येच म्हणाले. "खुंटी मी ठोकलीया."

व्हॉल्व रॉकेलनं धुतला. हलवल्यावर आत खुळखुळला, म्हणजे जाम नव्हता. बसवून इंजिन सुरू केलं आणि आत ओढ आहे का बघायला तेल भरायच्या तोंडावर कागदाचा कपटा धरला.  कपटा तोंडाला चिकटून बसला. मामंजींनी तो काढून पुन्हा ठेवला, पुन्हा चिकटला.

"वडतंय की गं," ते म्हणाले.

अण्णांनी व्हॉल्वचे पैसे घेतले आणि वर चहाही पाजला.

परतीचा रस्ता स्वच्छ दिसत होता. घरी सासूबाईंनी विचारलं, "इकली?"

"न्हाई. इंजिन बरं हाय. माझंच डोस्कं ठिकाणावर नव्हतं," मामंजी म्हणाले.

त्या प्रवासातली भजी, फुफाटा, रस सगळं आठवतं. पण सगळ्यात जास्त आठवते दुसऱ्या दिवशीची सकाळ. अंगणात आले तर मामंजी धोतर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले.

"ये, शिकीव मला," ते म्हणाले. "उद्या तूच अडलीस तर तुला दवाखान्यात कोण न्हील?"