लपवलेला रकाना

पुण्याहून हैदराबादला नोकरीसाठी आले, तेव्हा ऑफिसात मराठी बोलणारं एकच माणूस होतं. उपग्रहांच्या कामातून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, आमच्या छोट्या कंपनीत सल्लागार म्हणून यायचे. घर विद्यानगरात, घराणं त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून इथलंच. 'हो'ला 'हौ' म्हणायचे. त्यांनी मला त्यांच्याच गल्लीत खोली बघून दिली, बेगम बाजारात नेऊन कुकर, बादल्या घेऊन दिल्या. मी त्यांना काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. रविवारचं जेवण त्यांच्याकडेच.

माझं काम एक सॉफ्टवेअर लिहिण्याचं. उपग्रहाचा कुठला भाग बिघडण्याची शक्यता किती, याला जाणकारांनी एक ते पाच गुण द्यायचे. मग प्रोग्राम सांगणार, धोका कुठे जास्त आहे, दुसरी बॅटरी बसवली तर तो किती उतरेल आणि वजन किती वाढेल. प्रोग्राम चांगला होता. पण मीटिंगमध्ये माझा लाल-पिवळा-हिरवा तक्ता पडद्यावर असायचा आणि सगळे काकांकडे वळून विचारायचे, "सर, तुम्हाला काय वाटतं?"

साहेब एकदा म्हणाले, "ते खोलीत असेपर्यंत तुझा प्रोग्राम कोण बघणार?"

ते माझ्या डोक्यात बसलं.

काकांनी भरून दिलेली चाळीस भागांची यादी मी महिन्याभराने, क्रम बदलून, त्यांनाच पुन्हा पाठवली. अकरा ठिकाणी गुण बदललेले आले. प्रत्येक बदलापुढे शेऱ्याच्या रकान्यात कारण होतं. मधल्या काळात चाचण्यांचे अहवाल आले होते, ते वाचून त्यांनी मत बदललं होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'आधीचा अंदाज माझा चुकला.'

मी तो रकाना लपवला. दोन क्लिकचं काम.

मीटिंगमध्ये दोन्ही याद्या शेजारी शेजारी दाखवल्या. "माणूस तोच, प्रश्न तेच," मी म्हणाले. "उत्तरं बघा."

"सर, वय झालं आता," साहेब म्हणाले आणि खोलीत हशा पिकला.

काका पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. "मी कारणं लिहिली होती, बहुतेक."

"फाइलमध्ये काही दिसत नाही, काका."

ते खरंच होतं. दिसत नव्हतं.

"हौ? मग राहिलं असेल," ते म्हणाले. "विसरलो असेन."

त्यांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. मला बढती मिळाली. मी ऑफिसजवळ खोली घेतली आणि रविवारचं जाणं बंद केलं.

पण त्या मीटिंगपासून प्रत्येकजण प्रत्येक भागाला तीन गुण द्यायला लागला. तीन दिले की कुणी जाब विचारत नाही. मत बदललं तरी कुणी आकडा बदलेना. माझा तक्ता पिवळाधमक झाला, त्यातून काही कळेना. वर्षभराने साहेब वैतागून म्हणाले, "जा, सरांना परत बोलव. तुझं ऐकतील."

काकूंनी दार उघडलं, मला बघून हरखल्या. चहा टाकला. काका वाळले होते.

"मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं," ते म्हणाले. "सगळं ठीक आहे म्हणतात. तरी मी गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघतो. गाडी चालवणं सोडलं."

मला गप्प बसता आलं असतं. "काका, तुम्ही कारणं लिहिली होती. सगळी. तो रकाना मी लपवला होता."

आधी त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी विसरलो नव्हतो!" ते काकूंना म्हणाले. "ऐकलंस का? विसरलो नव्हतो मी." मग हळूहळू बाकीचं लक्षात आलं असावं. "तुला वर्षभर माहीत होतं?"

"हो."

"आणि आज सांगायला आलीस?"

"साहेबांनी पाठवलं. परत याल का विचारायला."

ते उठून आतल्या खोलीत गेले. काकूंनी माझ्यासमोरचा भरलेला कप उचलला.

"निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"त्यांची तब्येत बरी नसते आता," मी म्हणाले. "फार विसरतात."

"वाटलंच होतं मला," साहेब म्हणाले.