कळ्ळीचा काटा
आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते गच्चीवरच्या कळ्ळीला काठी बांधायचं. तमिळमध्ये निवडुंगाला कळ्ळी म्हणतात, आमच्या घरातही तोच शब्द. आवडी नावाच्या गावातल्या क्वार्टर्समधून तिनं वीतभर तुकडा आणून लावला होता, तो वाढत माझ्या डोक्याच्या वर गेला आणि वाऱ्यानं कलायला लागला. माती पार कोरडी झाली की ती त्याला टंबलरभर पाणी घालायची, त्याआधी मला हात लावू द्यायची नाही. त्या संध्याकाळी तिनं वरून हाक मारली, “अहो, या की, कळ्ळीला कळी आली.” आणि आपल्याच बोलण्यावर हसली. मी म्हटलं, “काट्याच्या झाडाचं कसलं कौतुक.” तिनं जुनी साडी गुंडाळून झाड धरलं, मी दोरी आवळली, तेवढ्यात तळहातात काटा रुतून मोडला. तिनं बांगडीत अडकवलेली पिन काढली, माझा हात मांडीवर घेतला आणि कोरत बसली. अंधारून आलं होतं, डास चावत होते. मी हात ओढून घेतला, म्हटलं, “सोड गं, उद्या उजेडात काढ.” “बरं, पण उन्हात बसा, म्हणजे दिसेल,” ती म्हणाली. अजून थोडं बसलो असतो तर माझं काय बिघडत होतं, हे मी आजही स्वतःला विचारतो. रात्री ती झोपेतच गेली. सकाळी घर माणसांनी भरलं, कोण काय बोललं ते डोक्यात शिरलं नाही, हात तेवढा ठसठसत होता. ऊन वर आलं तसा मी उठलो, गच्चीवर गेलो आणि कळ्ळीपाशी हात उघडा ठेवून बसलो.