यादीतलं कत्थई नाव

कोजागिरीनंतरचा सोमवार, सकाळचे अकरा. हजर: हेडक्लार्क, टायपिस्ट, टेबलानं आणि घरानंही माझा शेजारी असलेला कारकून, आणि याद्या करणारा मी. गैरहजर: आमचे साहेब. ते यादीवर सही करून शनिवारीच ग्वाल्हेरला निघून गेले होते.

मध्यभारत सरकार उन्हाळ्यात इंदूरला असे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. पक्षीही असंच करतात, पण ते बरोबर कपाटं नेत नाहीत. आमच्या खात्यातली निम्मी माणसं सरकारबरोबर जात, निम्मी इथं राहत. जाणाऱ्यांची नावं मी लाल शाईत लिही, राहणाऱ्यांची निळ्या. पद्धत माझीच होती आणि तिचा मला गर्व होता.

त्या शनिवारी मी घरून नवी शाई करून आणली होती. शाईच्या लाल गोळ्या तीन, निळी एक, कोमट पाणी. रंग पानाच्या काथासारखा, कत्थई आला. पेनात भरून रद्दी कागदावर चार रेघा ओढल्या, खूश झालो, तेवढ्यात साहेबांनी यादी मागितली. एकच नाव बाकी होतं, शेजाऱ्याचं. तो राहणार होता. हातात होतं तेच पेन चालवलं. साहेबांनी न पाहता सही केली.

सोमवारी हेडक्लार्कांनी यादी उजेडात धरली.

"हे लाल आहे. संध्याकाळची गाडी पकडा."

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. बायकोला नववा महिना, तिला माहेर नाही, घरी फक्त मोतीबिंदू झालेली आई.

"लाल कुठं, बाबूजी? कत्थई आहे."

"कत्थई शाई सरकारात नसते."

"भिया, मग आधा जा," टायपिस्ट म्हणाला. "उज्जैनला उतर."

"राहणार म्हणूनच लिहिलं होतं," मी म्हणालो. "मी सांगतो ना."

"साहेबांची सही कागदावर आहे, तुमच्या तोंडावर नाही. त्यातून तुम्ही याचे शेजारी."

मी सुचवलं, शाईवर पाण्याचा थेंब टाकू. मिसळलेले रंग फुटतील; जो जास्त निघेल तो खरा. हेडक्लार्कांना हे शास्त्रशुद्ध वाटलं. बाटलीत लाल तिप्पट आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पेनात शाई भरायचा ड्रॉपर घेतला, माठातलं पाणी ओढलं. वरच्या नावांवर आणि खालच्या सहीवर टीपकागद ठेवला. थेंब एकच टाकायचा ठरला होता. मी ड्रॉपर पुरा दाबला.

नाव पोहायला लागलं. मग ओघळलं, आणि मी तत्परतेनं टिपून घेतलं. कागदावर फिकट गुलाबी डाग उरला.

हेडक्लार्कांनी यादी पुन्हा उजेडात धरली. पुन्हा सही घ्यायची तर ग्वाल्हेर गाठायला हवं होतं.

"यादीत नावच नाही," ते शेवटी म्हणाले. "ज्याचं नाव नाही त्याला मी नेऊ कसा?"

"नका नेऊ," शेजारी म्हणाला आणि खुर्चीवर घट्ट बसला.

आठव्या दिवशी त्याला मुलगी झाली. सुईणीला आणायला तोच सायकलवर धावला.

पुढं मध्यभारतच उरलं नाही, सरकार भोपाळला गेलं. ती यादी माझ्या कपाटात राहिली. मुलगी आता शाळेत जाते. दिवसाच्या कामांची यादी मी अजून रोज करतो आणि संध्याकाळी प्रत्येक कामावर काट मारतो. एकच काम दरवेळी दुसऱ्या दिवसावर जातं: त्या यादीतलं शेवटचं नाव निळ्या शाईत भरणे.